पायाखालचे सभागृह : कमी खर्चात रिव्हर्ब पेडल निवडताना

इलेक्ट्रिक गिटारचा मूळ ध्वनी कोरडा असतो. भरीव लाकडाच्या अंगावर ताणलेल्या पोलादी तारांचे कंपन चुंबकीय पिकअप टिपतो, त्याचा विद्युत्-संकेत केबलमधून अॅम्प्लिफायरकडे जातो, आणि या प्रवासात हवा, भिंत किंवा छत यांचा कोठेही संबंध येत नाही. त्यामुळे हेच वाद्य हेडफोन लावून किंवा थेट संगणकाला जोडून वाजवले, तर प्रत्येक स्वर सोडताच कापल्यासारखा थांबतो आणि वादकाच्या बोटांतील लहानसहान दोषही उघडे पडतात. ही उणीव भरून काढण्यासाठी स्वराभोवती कृत्रिम अवकाश निर्माण करणारे जे उपकरण पायाशी ठेवले जाते, ते रिव्हर्ब पेडल होय. तळहाताएवढ्या धातूच्या डबीत आज डझनभर सभागृहे मिळत असल्याची जाहिरात केली जाते आणि किमतीही पूर्वीच्या मानाने पुष्कळ उतरल्या आहेत. तथापि स्वस्त पेडल निवडताना त्यात किती सभागृहे आहेत यापेक्षा त्यांतील एक तरी नीट बांधलेले आहे का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी निनाद म्हणजे काय हे थोडे समजून घ्यावे लागते.

प्रतिध्वनी आणि निनाद या दोन घटना शालेय विज्ञानात शेजारीशेजारी शिकवल्या जातात. मूळ ध्वनी आणि परावर्तित ध्वनी यांच्यात सुमारे एक दशांश सेकंदाचे अंतर असेल, म्हणजे भिंत किमान सतरा मीटर दूर असेल, तर कानाला दोन वेगळे ध्वनी ऐकू येतात; विजापूरच्या गोल घुमटात वाजवलेली टाळी पुन्हा पुन्हा सुटी ऐकू येते ती यामुळे. बंदिस्त खोलीत मात्र भिंती, छत आणि जमीन यांच्यावरून परतणाऱ्या लहरी इतक्या दाटीने येतात की त्या सुट्या न राहता मूळ स्वरामागे एक अखंड, हळूहळू विरणारी शेपटी तयार होते, आणि हाच निनाद, म्हणजे रिव्हर्ब. या शेपटीचे मोजमाप शास्त्रीय पायावर आणण्याचे श्रेय हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सबाइन यांना दिले जाते. १८९५ मध्ये तेथील फॉग कलासंग्रहालयाच्या एका सदोष व्याख्यानगृहाचे काम त्यांच्याकडे आले, आणि रात्रीच्या शांततेत दुसऱ्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून, त्या मांडून आणि काढून, ध्वनी किती वेळ टिकतो हे ते मोजत राहिले. ध्वनीची पातळी ६० डेसिबलने उतरण्यास, म्हणजे त्याची ऊर्जा दहा लाखाव्या भागावर येण्यास लागणारा काळ, हे निनादकालाचे माप त्या कामातून रूढ झाले. सबाइन यांच्या सल्ल्याने उभारलेल्या आणि १९०० मध्ये खुल्या झालेल्या बॉस्टन सिम्फनी हॉलमध्ये श्रोते बसलेले असताना हा काळ दोन सेकंदांच्या किंचित आत असतो, तर गाद्या-पडद्यांनी भरलेल्या घरगुती खोलीत तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतो. पेडलवरील ‘डिके’ किंवा ‘टाइम’ असे लिहिलेला नॉब नेमका हाच काळ बदलतो.

ध्वनिमुद्रणात कृत्रिम निनाद आणण्याचे पहिले उपाय खरोखरच्या खोल्यांचे होते. १९४७ मध्ये शिकागोतील ध्वनिमुद्रक बिल पटनम यांनी हार्मोनिकॅट्स या वादकत्रयीच्या एका गाण्यासाठी स्टुडिओच्या स्नानगृहात स्पीकर आणि मायक्रोफोन ठेवून तेथील घुमारा मूळ मुद्रणात मिसळला. १९५७ मध्ये जर्मनीतील ईएमटी कंपनीने पोलादाचा पातळ, मोठा पत्रा चौकटीत ताणून त्यात कंपने सोडणारे ‘ईएमटी १४०’ हे यंत्र आणले, ज्याचे वजन पाव टनाहून अधिक होते आणि ज्याच्या ध्वनीवरून आजच्या पेडलमधील ‘प्लेट’ हा प्रकार घेतलेला आहे. गिटारवादकांच्या दृष्टीने याहून महत्त्वाची ठरली ती स्प्रिंग. हॅमंड ऑर्गनमध्ये वापरली जाणारी ताणलेल्या स्प्रिंगांची युक्ती लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९६१ मध्ये गिटारसाठी वेगळ्या पेटीत आणली आणि १९६३ मध्ये व्हायब्रोव्हर्ब या अॅम्प्लिफायरच्या पोटातच बसवली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील सर्फ संगीताची ओळखच या स्प्रिंगेच्या ओल्या, टपटपत्या आवाजाने घडली, आणि अॅम्प्लिफायरला धक्का लागला की आतील स्प्रिंगा एकमेकींवर आदळून मेघगर्जनेसारखा कडकडाट होतो, हेही त्या आवाजाच्या चाहत्यांना दोष वाटत नाही.

गणिताच्या मार्गाने निनाद निर्माण करण्याची कल्पना बेल प्रयोगशाळेतील मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६१-६२ च्या सुमारास मांडली. ध्वनी थोड्या विलंबाने पुन्हा स्वतःतच मिसळत राहणारी काही वलये एकमेकांशी न जुळणाऱ्या लांबीची घ्यायची, त्यांच्यापुढे ध्वनीचा पोत न बदलता त्याला काळात पसरवणाऱ्या आणखी काही पायऱ्या जोडायच्या, आणि असंख्य परावर्तनांची गर्दी अशा रीतीने उभी करायची, हे त्या पद्धतीचे सार आहे. निनाद खडबडीत वाटू नये यासाठी सेकंदाला सुमारे एक हजार परावर्तने हवीत, असा त्यांचा अंदाज होता. ही विलंबाची वलये थोडी असली किंवा त्यांच्या लांबींची निवड चुकली, की शेपटीतून पत्र्याच्या डब्यासारखा टणत्कार ऐकू येऊ लागतो. स्वस्त रिव्हर्बचा सर्वांत जुना आणि सर्वांत ओळखीचा दोष तो हाच. या गणितावर चालणारे पहिले व्यावसायिक यंत्र, ईएमटी २५०, १९७६ मध्ये आले, आणि जपानच्या बॉस कंपनीने १९८७ मध्ये आरव्ही-२ हे पेडल काढून डिजिटल रिव्हर्ब पायाखाली आणला.

यानंतर किमती उतरल्या त्या मुख्यतः दोन प्रकारच्या सुट्या भागांमुळे. पहिला मार्ग तैवानच्या प्रिन्सटन टेक्नॉलॉजी कंपनीच्या पीटी२३९९ या चिपचा. कराओके यंत्रांत आवाजाला घुमारा देण्यासाठी बनवलेल्या या अतिशय स्वस्त चिप तीन-तीन एकत्र करून ‘बेल्टन ब्रिक’ नावाची, विटेच्या आकाराची लहान डबी तयार झाली, आणि अनेक छोट्या उत्पादकांनी तीच आपल्या पेडलमध्ये बसवली. तिचा आवाज स्प्रिंगेच्या जवळ जाणारा, काहीसा अंधूक पण उबदार असतो. मात्र निनादाची लांबी डबीतच ठरलेली असल्याने अशा पेडलवर बहुधा प्रमाण कमीजास्त करण्याचा एकच नॉब दिसतो. दुसरा मार्ग एमएक्सआर आणि अलेसिस या कंपन्यांच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या कीथ बार यांनी रचलेल्या एफव्ही-१ या चिपचा. साधारण एक सेकंदाचा ध्वनी साठवण्याइतकी स्मृती आणि आठ तयार कार्यक्रम पोटात असलेली ही चिप ३२ किलोहर्ट्झच्या आसपास नमुने घेते, म्हणजे सुमारे १५ किलोहर्ट्झच्या वरचे काहीही ती पुढे पाठवत नाही. संगीताच्या ध्वनिमुद्रणासाठी ही मर्यादा जाचक वाटली असती, परंतु बारा इंची गिटार-स्पीकरचा आवाज पाच-सहा किलोहर्ट्झनंतर स्वतःच झपाट्याने ओसरत असल्यामुळे गिटारवादकाला त्याची उणीव क्वचितच जाणवते. महागड्या पेडलमधील प्रचंड संगणकीय शक्तीचा बराचसा भाग गिटारच्या स्पीकरपाशी येऊन वाया जातो, हे निर्माते सहसा सांगत नाहीत.

म्हणून स्वस्त आणि महाग पेडलमधील फरक ‘आवाजाच्या शुद्धते’त शोधण्याऐवजी शेपटीच्या शेवटच्या अर्ध्या सेकंदात शोधावा. डाव्या तळव्याने सर्व तारा दाबून उजव्या हाताने एकच कोरडा फटकारा मारला, निनादाचे प्रमाण ठरवणारा ‘मिक्स’ नॉब पूर्ण उघडा ठेवला आणि डिके मध्यावर आणला, की पेडलची रचना उघडी पडते : चांगल्या पेडलमध्ये निनाद धुरासारखा विरतो, तर कच्च्या पेडलमध्ये त्यात कणकण, लयबद्ध फडफड किंवा एकाच स्वराची शिट्टी ऐकू येते आणि अखेरीस तो विरण्याऐवजी तुटतो. त्यानंतर सर्वांत जाड तार मोकळी छेडून पाहावी. तिची मूळ कंप्रता सुमारे ८२ हर्ट्झ असते, आणि ज्या पेडलमध्ये खालच्या स्वरांना निनादातून वगळण्याची सोय नसते किंवा टोनचा नॉब केवळ वरचे स्वर कापतो, तेथे ही तार सगळा निनाद गढूळ करून टाकते.

स्प्रिंग हा प्रकार मात्र निराळाच कस लावतो. खऱ्या स्प्रिंगेतून जाताना वेगवेगळ्या कंप्रतेच्या लहरी वेगवेगळ्या गतीने धावतात, त्यामुळे प्रत्येक आघातामागे पक्ष्याच्या चिवचिवाटासारखी एक घसरती किलबिल उमटते, आणि ती श्रोडर-पद्धतीच्या साध्या वलयांतून मिळत नाही, तिच्यासाठी स्वतंत्र गणित लिहावे लागते. अनेक स्वस्त पेडलमध्ये ‘स्प्रिंग’ या नावाखाली लहान खोलीचाच निनाद थोडा चकचकीत करून दिलेला असतो. ज्याला सर्फ, रॉकअॅबिली किंवा जुन्या चित्रपटसंगीताच्या वळणाचे वादन करायचे आहे, त्याने केवळ याच एका प्रकारावरून पेडल स्वीकारावे किंवा नाकारावे; इतरांना हॉल किंवा प्लेट यांपैकी एक चांगला असला तरी पुष्कळ होते. प्लेटमध्ये परावर्तने जवळजवळ तत्काळ दाटतात, त्यामुळे ती एकल स्वरांच्या वादनाला उठाव देते. हॉलमध्ये सुरुवातीला थोडी मोकळी जागा राहते आणि शेपटी लांब चालते, म्हणून संथ सुरावटींना तो शोभतो. आणि ‘रूम’ हा सर्वांत कमी आकर्षक वाटणारा प्रकार बँडबरोबर वाजवताना सर्वांत अधिक उपयोगी पडतो, कारण ढोलताशांएवढ्या जोराने वाजणाऱ्या ड्रमच्या गदारोळात दोन सेकंदांची शेपटी कोणाला ऐकूच येत नाही, ती फक्त गिटारचा आघात बोथट करते. ‘शिमर’ या प्रकारात निनादाच्या शेपटीतच एक सप्तक वरचा स्वर मिसळून ती पुन्हा फिरवली जाते. ब्रायन ईनो आणि डॅनियल लॅन्वा यांनी १९८० च्या दशकात स्टुडिओतील अनेक यंत्रे जोडून घडवलेला हा परिणाम आज अगदी लहान पेडलमध्येही मिळतो, परंतु स्वस्त पेडलमध्ये त्याचा आवाज फार लवकर कंटाळा आणतो आणि तो असल्यामुळे पेडल महाग घेण्यात अर्थ नाही.

बाजारात दीर्घकाळ टिकलेली काही नावे या कसोट्यांवर ठेवून पाहता येतात. बेहरिंगरचे डीआर६०० हे सर्वांत स्वस्त पेडलपैकी एक असून त्यात बॉसच्या आरव्ही-५ मध्ये असलेलेच स्प्रिंग, प्लेट, हॉल, गेट, रूम आणि मॉड्युलेट हे सहा प्रकार आणि डावा-उजवा असा दुहेरी ध्वनी मिळतो. त्याचे अंग प्लास्टिकचे आहे, आणि म्हणून घरच्या सरावासाठी ते पुरेसे असले तरी दर आठवड्याला रंगमंचावर पायाखाली तुडवले जाण्यासाठी ते कितपत टिकेल याविषयी शंका घेण्यास जागा उरते. टीसी इलेक्ट्रॉनिकचे स्कायसर्फर धातूच्या अंगाचे असून त्यात स्प्रिंग, प्लेट आणि हॉल असे तीनच प्रकार आणि मिक्स, रिव्हर्ब व टोन असे तीनच नॉब आहेत. ही काटकसर उणीव मानण्याचे कारण नाही, कारण नवख्या वादकाला जे हवे असते ते नेमके एवढेच असते, आणि मर्यादित खर्चात पहिले रिव्हर्ब पेडल घेणाऱ्याने आपला शोध येथून सुरू करावा. डॉनरचे व्हर्ब स्क्वेअर आणि मूअरचे शिमव्हर्ब यांसारखी चिनी बनावटीची पेडल काड्यापेटीच्या पुड्याएवढ्या जागेत बसतात. त्यांचे आवाज किमतीच्या मानाने चांगले आहेत, मात्र नॉब इतके दाटीने बसवलेले असतात की वाजवताना पायाने किंवा घाईत हाताने ते नेमके फिरवणे अवघड जाते, आणि इतक्या लहान डबीत बॅटरीला जागाच नसते.

किमतीची पायरी थोडी वर चढल्यास इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे होली ग्रेल नॅनो, टीसीचे हॉल ऑफ फेम २ आणि बॉसचे आरव्ही-६ ही तीन पेडल समोर येतात. होली ग्रेलवर एक नॉब आणि तीन प्रकारांचा एक खटका यांपलीकडे काही नाही, आणि त्यातील स्प्रिंग हेच ते घेण्याचे कारण असू शकते. हॉल ऑफ फेम २ मध्ये मूळ स्वर अॅनालॉग वाटेनेच पुढे जातो, म्हणजे त्याचे डिजिटल रूपांतर न होता फक्त निनाद तेवढा गणितातून येतो. शिवाय पायखटक्यावरील दाब कमीजास्त करून निनाद फुगवण्याची सोय त्यात आहे. आरव्ही-६ मध्ये आठ प्रकार असून त्यांपैकी ‘डायनॅमिक’ हा प्रकार वादनाच्या जोरानुसार निनाद मागेपुढे करतो, आणि बॉसच्या ठोकळ्यासारख्या अंगाचा टिकाऊपणा तर सर्वश्रुतच आहे. यांपैकी कोणतेही घेतल्यावर पुढची अनेक वर्षे दुसऱ्याची गरज पडू नये, एवढे निश्चित म्हणता येते. स्ट्रायमनच्या बिगस्कायसारखी याच्या कितीतरी पट किमतीची यंत्रे ज्या वादकांसाठी आहेत, त्यांना निनाद हेच मुख्य वाद्य असते आणि गिटार हे त्याला चेतवण्याचे साधन.

खरेदीच्या वेळी कोणी विचारत नाही पण घरी आल्यावर छळतो तो विजेचा प्रश्न. बहुतेक सर्व पेडल ९ व्होल्टच्या, मध्यभागी ऋण ध्रुव असलेल्या अॅडॅप्टरवर चालतात. डिस्टॉर्शनच्या साध्या पेडलला काही मिलिअॅम्पिअर पुरतात, तर डिजिटल रिव्हर्बला शंभराच्या आसपास लागतात, त्यामुळे ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी काही तासांतच मान टाकते आणि अॅडॅप्टर हा पेडलच्या किमतीचाच भाग समजावा लागतो. एकाच अॅडॅप्टरवरून फांद्या काढून चार-पाच पेडल चालवली, तर डिजिटल पेडलच्या आतील स्पंदने विजेच्या वाटेने डिस्टॉर्शनमध्ये शिरून बारीक किणकिण किंवा शिट्टी ऐकू येते, आणि तेव्हा दोष बिचाऱ्या रिव्हर्बला दिला जातो. प्रत्येक पेडलसाठी विलग वाट असलेला पॉवर सप्लाय हा त्यावरचा खरा इलाज आहे. अमेरिकेतील नातेवाइकांकरवी पेडल मागवण्याची पद्धत मराठी घरांत चांगलीच रुळलेली आहे, आणि तेथे किंमत अनेकदा कमीही पडते. मात्र सोबत आलेल्या अॅडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले नसून केवळ १२० व्होल्ट असेल, तर तो येथील २३० व्होल्टच्या प्लगमध्ये कदापि घालू नये.

पेडलबोर्डावर रिव्हर्बचे स्थान सर्वांत शेवटी, डिस्टॉर्शन आणि डिले यांच्या नंतर मानले जाते, आणि त्यामागे साधे तर्कशास्त्र आहे : खोलीतला निनाद स्वर पूर्ण घडल्यावरच निर्माण होतो. निनाद आधी आणि डिस्टॉर्शन नंतर ठेवल्यास शेपटीतील प्रत्येक कुजबुज मूळ स्वराएवढी मोठी होऊन सगळा कल्लोळ होतो. शूगेझ या शैलीतील वादक हा कल्लोळ मुद्दाम घडवतात, इतरांच्या तो वाट्याला येतो अजाणता. ज्यांच्या अॅम्प्लिफायरमध्येच डिस्टॉर्शन आहे त्यांनी पाठीमागे ‘इफेक्ट्स लूप’ची दोन भोके आहेत का हे पाहावे आणि रिव्हर्ब तेथे जोडावा, ती नसतील आणि वादन मुख्यतः जोरदार डिस्टॉर्शनचे असेल, तर उत्तम पेडलही निराश करील. पेडल बंद केल्यावर शेपटी नैसर्गिकपणे विरते की खटक्यासरशी कापली जाते, हेही तपासावे. बंद असताना संकेताला पेडलच्या आतील मंडलाला वळसा घालून सरळ पुढे पाठवणाऱ्या ‘ट्रू बायपास’ रचनेत शेपटी कापली जाते, तर संकेताला सतत बळ देणाऱ्या ‘बफर’ रचनेत ती टिकवता येते. गाण्याच्या मध्यावर निनाद चालू-बंद करणाऱ्यास दुसरी रचना हवी, आणि लांब केबलमुळे वरचे स्वर मंदावत असतील तर तिचा आणखी एक लाभ होतो.

दुहेरी ध्वनीसाठी जास्त पैसे मोजावे का, याचे उत्तर वादकाकडे किती स्पीकर आहेत यावर अवलंबून आहे. एकाच अॅम्प्लिफायरवर वाजवणाऱ्याला डावा-उजवा भेद ऐकूच येणार नाही, तर फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांच्या भीतीने हेडफोनवर वाजवणाऱ्याला तो फरक फार मोठा वाटतो, कारण तेथे पेडलशिवाय दुसरी खोलीच नसते. याच्या उलट, फरशी, काच आणि पत्र्याचे छप्पर असलेल्या मंगल कार्यालयात किंवा शाळेच्या सभागृहात कार्यक्रम असेल, तर त्या जागेचा स्वतःचाच निनाद इतका असतो की पेडल कितीही चांगले असले तरी मिक्सचा नॉब घरच्यापेक्षा निम्म्यावर आणणे किंवा पेडल बंद ठेवणे हेच शहाणपणाचे असते.

वापरलेले पेडल घेण्यास हरकत नाही, उलट या वर्गातील वस्तू वारंवार हस्तांतरित होत असल्याने चांगली चांगली पेडल निम्म्या किमतीत मिळतात. तपासणी करताना स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल न्यावी, अॅम्प्लिफायरचा अंगचा रिव्हर्ब पूर्ण बंद करावा, नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून खरखर येते का ते ऐकावे, पायखटका दहा-वीस वेळा दाबून तो प्रत्येक वेळी लागतो का ते पाहावे, आणि तारांना हात न लावता मिक्स वाढवत नेऊन किती फुसफुस वाढते याकडे कान द्यावा. बॅटरीची जागा उघडून आत गळालेल्या रसायनाचे हिरवट-पांढरे डाग दिसले, तर विक्रेता किंमत कितीही उतरवो, ते पेडल तेथेच सोडावे.